टकळीची तिसरी मुलाखत

आता जे सांगायचं आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसूच नये. ऐकताक्षणी जिच्यावर विश्वास बसतो तिला गोष्ट म्हणत नाहीत, बातमी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात चपला गुंडाळतात. तेव्हा ज्यांना पुरावे हवेत त्यांनी आपापला चहाचा कप उचलावा आणि आत्ताच स्वयंपाकघरात जावं. उरलेल्यांनी मध्ये बोलू नये. खोकला आला तर गिळावा.

तर एक मुलगी होती. लहानपणी ती इतकी बोलायची, इतकी बोलायची, की वीज गेली तरी तिच्या बडबडीच्या वाऱ्यावर घरातला पंखा फिरत राहायचा. झोपेतही तोंड चालूच. म्हणून तिच्या आजोबांनी तिचं नाव ठेवलं टकळी. आजोबा म्हणजे बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारणारे गृहस्थ. देखणे, रुबाबदार, आणि शहाणे तर असे की त्यांच्या शहाणपणाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. निदान त्यांचं स्वतःचं तरी नव्हतं. एकदा ते माइकवर शिंकले, तर फलाटावरच्या सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. ड्रायव्हर मागून धावत होते. अशा गळ्याची ही नात.

आणि त्याच नातीचा गळा, कुणी काही विचारलं की, बंद पडायला लागला.

झालं असं. टकळी पदवी घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलच्या पुनर्वसन वॉर्डात मदतनीस म्हणून लागली. स्ट्रोक आल्यावर ज्यांची वाचा जाते ती माणसं तिथं पुन्हा बोलायला शिकतात. कप, चावी, मांजर असल्या चित्रांची कार्डं, ओठ कसे हलतात ते बघायला भिंतीएवढा आरसा, ठसका लागू नये म्हणून पावडर घालून दाट केलेलं पाणी, असा सगळा तिथला संसार. टकळीनं कार्डं पुसायची, आरसा पुसायचा, व्हीलचेअर ढकलायची. शिकवायचं मात्र स्पीच थेरपिस्टनं. टकळीला थेरपिस्ट व्हायचं होतं. त्यासाठी मास्टर्सचा कोर्स करायला हवा, कोर्सला लेखी परीक्षा, आणि लेखी परीक्षेनंतर मुलाखत. लेखीत टकळी दरवेळी अगदी वरच्या नंबरात. मुलाखतीत मात्र पार तळाला.

पहिल्या मुलाखतीची तयारी आईनं करून घेतली. आई वीज कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसते. अंधारात बसलेल्या माणसाच्या शिव्या खाऊन खाऊन तिचा एक नियम झालेला: समोरचा चिडायच्या आत आपण माफी मागून मोकळं व्हायचं. महिनाभर तिनं लेकीला हेच घोटवलं. टकळी मुलाखतीला गेली, खुर्चीत बसली.

“नाव सांगा,” समोरचे म्हणाले.

“गैरसोयीबद्दल क्षमस्व,” टकळी म्हणाली.

“अहो, नाव.”

“आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.”

“कसली गैरसोय?” त्यांनी विचारलं. याचं उत्तर काही आईनं शिकवलेलं नव्हतं. टकळीची दातखीळ बसली ती थेट घरी येऊन पाणी प्यायल्यावरच उघडली.

दुसऱ्या वर्षी वडील पुढे सरसावले. वडील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की ते तो दाबतात. आता सवय ती सवय. लेकीला समोर बसवून ते प्रश्न विचारायचे आणि ती जरा चुकली की त्यांचा उजवा पाय फरशीवर आपटायचा. धाड! टकळी गप्प. पुन्हा पहिल्यापासून. धाड! पुन्हा गप्प. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, “वर काय, घोडा पाळलात का?” पण तयारी मात्र झकास झाली. मुलाखतीत टकळी धडाधड बोलायला लागली, घाट चढली, वळण घेतलं, आणि तेवढ्यात टेबलाखाली कुणीतरी नुसता पाय सरळ केला. बूट फरशीला घासला. टकळी वाक्याच्या मधोमध उभी राहिली, ती काही केल्या पुन्हा सुरू होईना. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनीच तिला हाताला धरून दारापर्यंत सोडलं.

हसताय. हसा. तिलाही तेव्हा कुणीतरी हसलेलं चाललं असतं. पण कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट.

कारण त्यानंतर प्रश्न कसलाही असो, गळ्याला कुलूप. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, “कुठं?” टकळीला सांगता येईना. तिनं मोठी नोट पुढं केली, त्यानं शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडलं, आणि ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथून चालत परत आली. औषधांच्या दुकानात “काय देऊ?” म्हटल्यावर आईच्या गोळ्या न घेताच वळली. त्या रात्री आई गोळ्यांशिवाय झोपली. टकळी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली आणि आईच्या कुशी बदलण्याचा आवाज ऐकत राहिली.

आणि त्या कॉलेजचा नियम असा, की मुलाखतीला तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा पडलात की दार कायमचं बंद. मग उभा जन्म कार्डं पुसा. मांजराचं कार्ड, चावीचं कार्ड. दुसरं कुणीतरी ती कार्डं दाखवणार, दुसऱ्या कुणामुळं तरी माणसं बोलायला लागणार, आणि आपण आरशावरचे थुंकीचे शिंतोडे पुसणार. याच विचारात ती जेवायला बसायची. ताटातलं अन्न तसंच राहायचं.

घरानं मग काय केलं, तर प्रश्न विचारणंच सोडून दिलं. आई म्हणायची, “चहा झालेला आहे. तो कुणी घेतला तर बरं होईल.” वडील म्हणायचे, “आज बाहेर ऊन आहे. छत्री दाराशी आहे. माझं काही म्हणणं नाही.” सगळं घर असं तोलून मापून, पावलं न वाजवता चालायला लागलं. वडील तर घरात मोजे घालून वावरायचे. कुणी आजारी असल्यासारखं.

पण प्रश्न न विचारता मुलाखतीची तयारी करायची कशी? तेव्हा आजोबांनी डोकं लढवलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, नाकाला चिमटा घेतला आणि माइकवरच्या आवाजात म्हणाले, “प्रवाशांनी लक्ष द्यावं. ‘तुम्हाला हाच कोर्स का करायचा आहे’ हा प्रश्न थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे. उत्तरानं तयार राहावं.”

टकळी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग प्रश्न आला, आणि तिचं हसू जिथल्या तिथं थिजलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठली, डोळ्यांत पाणी आलं, आवाज नाही. आजोबांनी “गाडी रद्द करण्यात आली आहे” असं हळूच पुकारलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा आपल्या गळ्याची लाज वाटली. काय करायचाय असला गळा, नातीला उसना देता येत नाही तर.

आता टेलरमास्तर.

हे मास्तर जन्मभर कपडे शिवत आले, आणि जगातल्या सगळ्या टेलरांसारखं गिऱ्हाइकाला एकच सांगत आले: “उद्या.” पँट उद्या, ब्लाउज उद्या, लग्नाचा कोट लग्नाच्या उद्या. स्ट्रोक आला आणि त्यांचे सगळे शब्द गेले. राहिला तो एवढाच, जिभेला सगळ्यांत जास्त वळण पडलेला. उद्या. पाणी हवं, उद्या. पाठ दुखतेय, उद्या. बायको भेटायला आली, “उद्या, उद्या!” म्हणत रडायचे. बायको म्हणायची, “जन्मभर हेच ऐकवलंत, आतातरी आज म्हणा!” आणि पदरानं त्यांचं तोंड पुसायची.

टकळीला मास्तरांची प्रत्येक ‘उद्या’ कळायची. आखूड, तुटकी म्हणजे उशी सरकलीय. लांब आणि शेवटी वर गेलेली म्हणजे आज जेवणात काय. नाकातून आलेली म्हणजे शेजारच्या खाटेवरचा म्हातारा फार घोरतो. त्यांची खुर्ची ढकलताना टकळी त्यांच्याशी पहिल्यासारखी, लहानपणासारखी बोलायची. मास्तरांनी कितीही विचारलं तरी तिचा गळा बंद पडायचा नाही. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

वॉर्डात अशा माणसांसाठी एक युक्ती वापरतात. रोग्याचा डावा हात हातात घ्यायचा आणि शब्दाच्या तालावर त्यावर हलकी थाप देत, गुणगुणल्यासारखं, तो शब्द म्हणायचा. कधीकधी बोलून न येणारा शब्द असा तालावर सुटून येतो. थेरपिस्ट मोठ्या बाई मास्तरांचा हात धरून ‘पा-णी, पा-णी’ करायच्या. टकळी मागं उभी राहून आपल्या मांडीवर तीच थाप द्यायची. मास्तर ‘उ-द्या, उ-द्या’ म्हणायचे.

मुलाखत तोंडावर आली. एके दुपारी आरशाच्या खोलीत कुणी नव्हतं. टकळी आत गेली, आरशापुढच्या स्टुलावर बसली. म्हटलं, दुसऱ्यांचे प्रश्न राहू देत, आपले आपण विचारून बघू. तिनं स्वतःच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, “तुम्हाला हाच कोर्स का करायचा आहे?”

आणि तिचा गळा बंद झाला.

स्वतःच्याच प्रश्नानं! आरशातली मुलगी तोंड उघडून बसलेली, मासळीसारखी, आणि आवाज नाही. टकळीनं आरशाची चौकट दोन्ही हातांनी धरली. आता काही उरलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. आईला दोष देता येईना, वडिलांच्या पायाला देता येईना. कुलूप आतूनच होतं. तिनं कपाळ काचेला टेकवलं आणि रडली. रडण्याचाही आवाज नाही.

“उद्या?”

दारात मास्तर होते. एकाच हातानं चाक फिरवत, भिंतीला आपटत आपटत, ते एकटे तिथवर आले होते. ही ‘उद्या’ नवीन होती. काय झालं पोरी, अशी. ते आत आले, धडधाकट हात पुढं केला आणि तिचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. आणि त्यावर थाप द्यायला लागले.

थाप. थाप. थाप. शब्द नाही, नुसता ताल. रोग्यानं उपचार चालवलेले.

आणि टकळीचा गळा सुटला.

ती म्हणाली, “मास्तर, तुमच्या खाटेवर तुमच्या आधी एक आजी होत्या. डॉक्टर त्यांना विचारत होते, नाव काय, आज वार कोणता. आजींना सांगता येईना. डॉक्टर त्यांच्या मुलाला त्यांच्यादेखत म्हणाले, यांना काही समजत नाही. आजी बोटानं सारखं डॉक्टरांच्या छातीकडं दाखवत होत्या. कुणी म्हणालं छातीत दुखतंय, कुणी म्हणालं पाणी हवंय. मास्तर, डॉक्टरांच्या खिशातलं पेन गळत होतं. शर्टावर एवढा मोठा निळा डाग पसरत होता. आजींना सगळं समजत होतं. सगळे शब्द आत होते. मला माहीत आहे ते आत कसे असतात. आणि शेवटी त्या आजी रडल्या, मास्तर. म्हणून मला...”

मास्तर “उद्या” म्हणाले. म्हणजे, कळलं. बाहेर बोळात मोठ्या बाई फायली छातीशी धरून उभ्या होत्या, त्या नाक पुसत तशाच निघून गेल्या.

आणि मग उगवला मुलाखतीचा दिवस.

कपांची किणकिण बंद करा, आता खरी मजा आहे. वडिलांना घरातच कोंडलं, पायाच्या भीतीनं. आईनं माफी मागायची नाही म्हणून तोंडात लवंग धरली. टकळी एकटी गेली. खोलीत लांब टेबल, पलीकडं तिघं. मधे चष्मेवाले सर, डावीकडं अंबाड्यात पेन खोचलेल्या मॅडम, उजवीकडं एक तरुण डॉक्टर, आणि त्याला काय खोड असावी? पाय हलवायची! टेबलाखाली बूट आपला टकटक, टकटक.

“तुम्हाला हाच कोर्स का करायचा आहे?” सरांनी विचारलं.

टक! कुलूप. गेला गळा. सर थांबले, चष्मा पुसला, घड्याळाकडं बघितलं. टकळीच्या कपाळावरून घाम ओघळला. तिसरी वेळ. शेवटची. कप, चावी, मांजर. तिनं डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्या हातानं त्यावर थाप द्यायला लागली. थाप, थाप. गळ्यातून काहीतरी वर आलं, दातांपर्यंत आलं, आणि बाहेर पडलं:

“उद्या.”

“उद्या काय? मुलाखत आज आहे,” सर म्हणाले.

“उद्या,” टकळी म्हणाली. पण अशी म्हणाली, की त्या एका शब्दात आजी आली, निळा डाग आला, आरशाची थंडगार काच आली. मॅडमनी अंबाड्यातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

“सर, थांबा. ही उत्तर देतेय. पुढचं विचारा.”

“रोगी चिडला, कार्डं फेकून दिली, तर?” तरुण डॉक्टरनं विचारलं.

“उद्या,” टकळी म्हणाली, हळू, दाट केलेलं पाणी चमच्यानं पाजावं तसं. डॉक्टरचा पाय जागच्या जागी थांबला. जन्मात पहिल्यांदा.

“आणि तरीही तो कधीच बोलला नाही तर?” सरांनी विचारलं. आवाज जरा बसला होता त्यांचा.

“उद्या!” टकळी म्हणाली.

सर उठून उभे राहिले. “उद्या?” त्यांनी विचारलं. “उद्या,” मॅडम ठामपणे म्हणाल्या. “उद्या, उद्या!” म्हणत डॉक्टरनं टेबलावर मूठ आपटली. शिपाई चहा घेऊन आला आणि “उद्या?” म्हणाला, म्हणजे साखर किती. बाहेर ताटकळणाऱ्या मुली दाराला कान लावून बसल्या होत्या, त्या आत घुसल्या आणि आपापल्या जागा टकळीला द्यायला लागल्या. प्राचार्य धावत आले. त्यांनी तिथल्या तिथं तीनदाचा नियम मोडीत काढला, विभागाची किल्ली टकळीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, शिकायचं काय घेऊन बसलात, तुम्ही शिकवायलाच या. इकडं वॉर्डात टेलरमास्तरांना बातमी लागली, तर ते व्हीलचेअरमधून ताडकन उठले, चालत बसस्थानकावर गेले, माइक हातात घेतला आणि झाडून सगळ्या गाड्या न अडखळता पुकारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तेव्हापासून आपली टकळी रोज सकाळी कॉलेजला...

“खोटं!”

दाराजवळच्या स्टुलावरून टकळी उठली होती. वडिलांचा कप ओठांशीच थांबला. आईनं पदर तोंडाला लावला.

“साफ खोटं, आजोबा! कसली मुलाखत झाली? मुलाखत उद्या आहे, उद्या सकाळी! मघापासून ऐकतेय, काय वाट्टेल ते ठोकताय. मास्तर कुठले उठतायत, आज सकाळीच मी त्यांची उशी सरळ करून आलेय!”

“बरं,” आजोबा मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “म्हणजे ते आरशाच्या खोलीतलंही खोटंच का?”

प्रश्न. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला सरळ प्रश्न विचारला होता. वडिलांचा उजवा पाय त्यांच्याही नकळत फरशीवर आपटला. धाड!

“बाबा, पाय उचला,” टकळी त्यांच्याकडं न बघताच म्हणाली. “ते खरं आहे. मोठ्या बाईंनी चुगली केली ना तुमच्याकडं? पण तेही धड सांगता आलं नाही तुम्हाला. त्या आजी रडल्या नव्हत्या. कुणी सांगितलं रडल्या म्हणून? मी डॉक्टरांच्या खिशाला हात लावला आणि म्हटलं, आजी, हेच सांगत होतात ना तुम्ही, पेन? तर त्या हसल्या. तोंड वाकडं झालं होतं तरी इतक्या हसल्या की सगळी खाट हलत होती. तेवढ्यासाठी, आजोबा. तेवढ्यासाठी करायचाय मला हा कोर्स!”